दहा सोडून

त्या रविवारी ती नेहमीप्रमाणे अकराच्या बसने आली, तेव्हा बाबा गाडीच्या खोलीत जमिनीवर पालथे पडून वर्तमानपत्राच्या एका मोठ्या चौकोनाशी बोलत होते.

"थोडं सरक. अजून थोडं. हां, आता कसं शहाण्यासारखं बसलास!"

त्या घराला गाडीची खोली होती, गाडी मात्र कधीच नव्हती. तीस वर्षं तिथे पंक्चर झालेल्या सायकली, जुने पंखे आणि 'लागेल कधीतरी' या एका आशेवर जगणाऱ्या सगळ्या वस्तू सुखाने नांदल्या. बाबा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे; गावाच्या पोटातून कुठला नळ कुठे वळतो हे त्यांना तळहातासारखं पाठ. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती खोली रिकामी केली, भिंतींना पांढरा रंग दिला आणि इथे आता सुतारकाम चालणार असं जाहीर केलं. हाताने रंधा मारायला ते कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे दोन वर्षं शिकले होतेच. आता त्यांना यंत्रं हवी होती. आईने त्या दिवसापासून त्यांना 'कारखानदार' म्हणायला सुरुवात केली.

कारखान्यात अजून एकही यंत्र नव्हतं. होते ते कागद. जे यंत्र मनात भरेल त्याची लांबी-रुंदी माहितीपत्रकातून काढायची, तेवढाच कागद वर्तमानपत्रं चिकटवून कापायचा आणि खोलीत अंथरायचा. मग आठ फुटी फळी खांद्यावर घेऊन त्या कागदांमधून हिंडायचं. फळी कुठे अडते, कोपर कुठे घासतं, दार उघडतं की नाही, सगळं बघायचं. कागदाच्या करवतीपाशी आले की बाबा तोंडाने घर्रर्र आवाजही काढत. असे अकरा महिने गेले होते.

"माझ्याशी लग्न ठरवायला यांना एक दुपार पुरली होती," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. "आणि त्यातलीही निम्मी दुपार हे झोपले होते."

"तुला परत करता येत नव्हतं," बाबा म्हणायचे. "मशीन पंधरा दिवसांत परत करता येतं. म्हणून जास्त विचार करावा लागतो."

या वाक्यात काहीतरी गडबड आहे हे आईला जाणवायचं, पण नेमकी कुठे ते सापडेपर्यंत बाबा पसार झालेले असायचे.

पहिलं यंत्र कोणतं घ्यायचं यावर मिस्त्रींशी त्यांचं हाडवैर झालं होतं. मिस्त्री वयाने बाबांपेक्षा लहान, पण गुरू. त्यांचं म्हणणं, पट्ट्याची करवत घ्या. "गोल पण कापते, सरळ पण कापते, आणि बोटांवर तिचा राग कमी असतो, साहेब." बाबांना चक्राची करवत हवी होती. जाड लोखंडी टेबल, त्याच्या पोटातून वर आलेलं दातेरी चक्र, आणि शेजारी फळीला सरळ धरून ठेवणारी आडवी पट्टी. "मिस्त्री, मी जन्मभर कागदावर सरळ रेघा ओढल्या," ते म्हणाले होते. "आता एक कापून बघायची आहे."

शेवटी चक्राचीच करवत ठरली, पैसे भरले, तीन आठवड्यांत येणार होती. अडचण एकच होती, आणि तिच्यावर बाबांचं फार प्रेम होतं. खोली बारा फुटांची, फळी आठ फुटांची. कापायला सुरुवात करताना अख्खी फळी चक्राच्या अलीकडे, संपताना अख्खी पलीकडे. म्हणजे सोळा फूट जागा हवी. तिरकं ठेवूनही भागेना. मग एका सकाळी दाढी करताना त्यांना खिडकी सुचली. मागच्या भिंतीला, आईच्या गुलाबांच्या वाफ्यावर उघडणारी. टेबल जर खिडकीच्या कठड्यापेक्षा बोटभर वर ठेवलं, तर फळी कापता कापता सरळ खिडकीतून बाहेर जाईल!

"गज काढायचे?" आईने विचारलं होतं. "आणि चोर आला तर?"

"फळी धरायला लावू त्याला. तसाही बाहेर एक माणूस लागणारच आहे. पण माझ्या मते ते काम तू करशील."

"मी? गुलाबांत उभी राहून?"

"आलेली फळी हातात घ्यायची, बस. मी आतून पाठवीन. टपाल समज."

तर त्या रविवारी खिडकीच्या कठड्याची उंची मोजायची होती. करवतीला स्वतःचे पाय नव्हते. तिच्यासाठी लाकडी घोडा बाबा स्वतः बनवणार होते, खात्याच्या जुन्या दाराच्या चौकटीचं शिसवी लाकूड त्यासाठी दहा वर्षं जपून ठेवलं होतं. कठड्याची उंची कळली की पायांची उंची ठरणार.

"असिस्टंट! टेप!"

ती एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. चाळिशी ओलांडली होती, पण या खोलीत शिरलं की ती असिस्टंट व्हायची. सात वर्षांची असल्यापासून हीच नोकरी होती. आज तिच्या हातात सोमवारी द्यायच्या मुद्रितांचा गठ्ठा होता आणि कानावर लाल पेन. पान न सोडताच तिने खुंटीवरचा टेप काढून दिला.

त्या टेपचं टोकाचं लोखंडी नाक कधीकाळी तुटलं होतं आणि पहिले दोन आकडेही झिजून गेले होते. नवा टेप आणायला बाबा तयार नव्हते. "नाक गेलं म्हणून घरच्या माणसाला कोणी टाकतं का?" त्यावर त्यांनी काढलेला तोडगा त्या दोघांपुरता कायदाच झाला होता. माप दहापासून धरायचं. धरणाऱ्याने दहाच्या रेघेवर बोट ठेवायचं. वाचणाऱ्याने दुसऱ्या टोकाला जे दिसेल तेच वाचायचं, काही करायचं नाही. दहा वजा करणार धरणारा. एका कामाला एकच माणूस जबाबदार हवा, असं ते म्हणायचे.

बाबांनी दहाची रेघ कठड्याच्या काठावर दाबली. टेप खाली सोडला. ती उकिडवी बसली, मांडीवर मुद्रितं.

"किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"जसं दिसतंय तसं?"

"हो, बाबा."

"पुन्हा एकदा बघ."

मांडीवरच्या मुद्रितांत एकशे बाराव्या पानावर वारलेले काका एकशे चाळीसाव्या पानावर चहा पीत बसले होते. तिने त्यांच्याभोवती लाल गोल काढला.

"बघितलं," ती म्हणाली. मान वर न करता, आणि खालीही न करता.

बाबांनी खिशातून वही काढली, पेन्सिल ओठांत धरून क्षणभर विचार केला आणि लिहिलं. मग जेवणं झाली. चारच्या बसला ती निघाली तेव्हा ते फाटकापर्यंत आले, तिच्या खांद्यावरचा भुसा झटकला. तो त्यांच्याच हाताचा होता, त्यामुळे झटकून वाढला.

"पुढच्या वेळी खरं मशीन. कागदाचं नाही," ते म्हणाले.

मंगळवारी त्यांचा फोन आला. पाय कापून झाले, घोडा उभा राहिला, म्हणाले. "आता बाईसाहेबांसाठी उंच टाचांचे जोडे बनवतोय."

"कुठल्या बाईसाहेब?"

"ज्या येणार आहेत त्या. थोड्या बुटक्या निघाल्या."

ती हसली. ऑफिसात होती, समोर लेखक बसला होता. "बाबा, रात्री बोलते," ती म्हणाली. रात्री राहून गेलं. गुरुवारी सकाळी ते दूध घ्यायला फाटकापर्यंत गेले आणि तिथेच खाली बसले. शेजाऱ्यांना आधी वाटलं, चप्पल शोधताहेत.

*

माणसं येऊन गेली, फोन येऊन थांबले. तिसऱ्या आठवड्यात दारात टेम्पो उभा राहिला आणि चार हमालांनी एक खोकं उतरवलं. त्यांनी सही मागितली. आईने खोक्याकडे असं पाहिलं, जसं पाहुणा चुकीच्या दिवशी आलाय आणि त्याला कसं सांगावं कळत नाही.

"परत करता येतं का?" आईने विचारलं.

"पंधरा दिवसांत," हमालांचा म्होरक्या म्हणाला.

आईने तो आकडा लक्षात ठेवला. संध्याकाळी तिने लेकीला फोन केला. "हे बघ, चालणार असेल तर राहू दे. नाहीतर जाऊ दे परत. मला घरात त्यांचं स्मारक नको आहे. त्यावर कपडे वाळत घालायची मी, आणि रोज वाईट वाटून घ्यायचं."

"चालेल, आई. त्यांनी सगळं आखून ठेवलंय."

"ते म्हणाले होते तसं एकदा खिडकीतून फळी बाहेर येऊ दे. मग मी काही म्हणणार नाही."

म्हणून शनिवारी ती आली आणि मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री दारात चपला काढून थांबले. पूर्वी ते कधी चपला काढत नसत.

जमिनीवर कागदी चौकोन अजून पडले होते. घोडा गज काढलेल्या खिडकीपासून मोजून उभा होता, पायांच्या भोवती खडूची खूण. भिंतीलगतच्या जुन्या कामाच्या टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात एक लाकडी ठोकळा आवळलेला होता, त्याच्या डोक्यावर पेन्सिलचा चौकोन. त्या गुरुवारपासून तो शिकंजा सैल करायला कोणाचं मन झालं नव्हतं.

"पट्ट्याची घेतली असती तर..." मिस्त्रींनी सुरुवात केली आणि स्वतःच थांबले. भांडायला पलीकडे कोणी नव्हतं. "बरं. चांगली आहे. साहेबांनी बघून घेतलीय."

दोन हमाल परत बोलावून करवत घोड्यावर चढवली. लोखंडी टेबलावर गंज लागू नये म्हणून फासलेलं चिकट तेल होतं. ते रॉकेलच्या फडक्याने पुसायला तिला तासभर लागला. खालून करडं, थंड, आरशासारखं सपाट लोखंड वर आलं. मिस्त्रींनी पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्यभागी आला. दुसऱ्या दिशेने ठेवली, तरी मध्यभागी.

"घोडा काय बनवलाय बघ, ताई," ते म्हणाले. "एक पाचर मारावी लागली नाही. मी शिकवलंय म्हणून सांगत नाही. म्हणजे, म्हणूनच सांगतोय."

मग चक्र सरळ आहे का ते बघायचं होतं. "आधी विजेची पिन काढ. काढलीस? हातात धर. मला दिसू दे." त्यांनी चक्राच्या एका दाताला खडू लावला. टेबलात लांबवर एक खोबण होती. त्या खोबणीपासून खडूच्या दातापर्यंतचं अंतर पुढून मोजलं, मग चक्र हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि मागून मोजलं. केसभर फरक. खालचे बोल्ट सैल करून, लाकडी हातोडीने टिचकी, पुन्हा मोज, पुन्हा टिचकी. दीड तास. तिला ते काम ओळखीचं वाटलं. तेही एकच ओळ पाच वेळा वाचण्यासारखंच होतं.

चारला आई मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. पदर खोचलेला, हातात बाबांचे बागकामाचे हातमोजे.

"आधी नुसतीच सरकवून बघू," मिस्त्री म्हणाले. "चक्र खाली घे."

तिने आठ फुटी फळी टेबलावर ठेवली आणि खिडकीच्या दिशेने ढकलली. फळी सरळ गेली आणि ठक्कन भिंतीवर आदळली. कठडा वर होता. चांगला वितीच्या निम्म्यावर.

मिस्त्रींनी वाकून फळीच्या टोकाकडे पाहिलं, मग कठड्याकडे.

"साहेबांचं माप चुकलं?" ते म्हणाले. आवाजात आश्चर्य होतं, आणि अगदी चिमूटभर, त्यांनाही नको असलेला आनंद. "साहेबांचं?"

"काय झालं?" बाहेरून आई. "येतेय का?"

"वहिनी, टेबल दहा सेंटिमीटर खाली बसलंय. घोडा बुटका झाला."

आईने हातमोजे काढले, एकात एक घातले. मग खिडकीपाशी आली आणि आतल्या घोड्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"त्यांचं माप कधी चुकत नव्हतं," ती म्हणाली.

दहा. मिस्त्रींनी दहा म्हटलं त्याच क्षणी लेकीच्या डोळ्यांपुढे टेप आला. जमिनीला टेकलेला, अठ्ठ्याण्णववर. तिने अठ्ठ्याण्णवच पाहिलं होतं. आणि शहाणपणाने, सवयीने, डोकं पानात असताना दहा वजा करून सांगितलं होतं. बाबांनी नियमाप्रमाणे पुन्हा दहा वजा केले.

तिने तोंड उघडलं. मिस्त्री हत्यारं गोळा करत होते. "बघू काहीतरी," ती म्हणाली, आणि ते तिलाच ऐकू आलं.

*

आठवडा गेला. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा आईने दुकानाला फोन करून ठेवला होता. मंगळवारी टेम्पो येणार होता.

"का, आई? पाय वाढवता येतात."

"येतील." आई चहा गाळत होती. "पण मला रोज तो घोडा दिसतो. त्या आठवड्यात ते दोनदा चष्मा शोधत होते, डोळ्यांवर असताना. चहात साखर दोनदा घातली. मी काय केलं, चिडले. आता कळतंय, बरं नव्हतं त्यांना. डोकं चालत नव्हतं म्हणून तर माप चुकलं. आणि मी म्हणत होते, कारखानदार, लक्ष कुठाय."

"डॉक्टर म्हणाले ना, काही लक्षण नव्हतं."

"डॉक्टरांना काय माहीत? त्यांनी काय पंचेचाळीस वर्षं यांच्याबरोबर चहा घेतला होता?" आईने कप पुढे केला. "मला कळायला हवं होतं गं. माप चुकलं तेव्हाच कळायला हवं होतं."

तिच्या हाताला कप भाजत होता. आता सांगायचं, तिने ठरवलं. हा घोट झाला की. दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुकांवर तिचं पोट चालत होतं, कुठेही सापडली तरी लाल शाईने गोल करायला तिचा हात कचरत नसे. तो घोट झाला, चहाही संपला. ती उठून मागच्या अंगणात गेली.

गुलाबांच्या वाफ्याशेजारी तीन कुंड्या होत्या, आईने नव्या लावलेल्या. प्रत्येक कुंडी एका सुरेख लाकडी ठोकळ्यावर बसवलेली. गडद, तेल पाजलेलं लाकूड. कुंडीचं बूड ठोकळ्यात किंचित रुतलेलं. ती बघतच राहिली.

"हे कुठून आले, आई?"

"पायरीवर वाळत ठेवले होते त्यांनी. बुधवारी." आई दारात आली. "कुंडीसाठी खळगासुद्धा केलाय बघ वर. मी किती वर्षं म्हणत होते, कुंड्या मातीत टेकतात, बूड कुजतं. न सांगता करून ठेवले." तिने बोटाने एका ठोकळ्यावरची माती पुसली. "शेवटचं माझ्यासाठी केलं त्यांनी."

लेकीने एक कुंडी उचलली. खाली चौकोनी खाच होती, धारदार कडांची. गोल बुडाच्या कुंडीला चौकोनी खाच कोण करेल? ती ठोकळा घेऊन गाडीच्या खोलीत गेली. खाच घोड्याच्या पायाशेजारी धरून पाहिली, तर ती नेमकी त्याच्याच रुंदीची होती. खुंटीवरचा टेप काढून तिने मोजलं, दहा सोडून. ठोकळा बारा, खाच दोन खोल. उरले दहा.

*उंच टाचांचे जोडे. थोड्या बुटक्या निघाल्या.*

शिकंज्यातला चौथा ठोकळा तिच्याकडे पाहत होता, डोक्यावर पेन्सिलचा चौकोन घेऊन.

बाबांची वही तिने तिच्या पर्समध्ये महिनाभर वागवली होती. शेवटची पानं उघडली नव्हती. आता तिथेच उभ्याने उघडली. सोमवारची तारीख, सरकारी नकाशावर असतं तसं नेटकं अक्षर:

*खिडकी ७८ नाही, ८८. दहाची वजाबाकी दोनदा झाली. धरणाऱ्याची चूक. स्वतः वाकून बघायला हवं होतं. पाय कापले गेले. शिसव शिल्लक थोडं. टाचा ४.*

आणि खाली, कंसात: *असिस्टंटला सांगू नये. कामात असते.*

ती भुशात बसली.

आईला ठोकळ्याचं सांगावं लागलंच. आई ऐकत राहिली, मग तिसऱ्या कुंडीकडे बघत म्हणाली, "म्हणजे मशीनचे जोडे होते ते?"

"हो."

"आणि मी त्यांच्यापाशी बसून रडले! दोन वेळा!" ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. "जिथे तिथे त्या बयेचीच वर्णी. जा, घेऊन जा. घाल तिच्या पायात." मग वही हातात घेऊन तिने तो मजकूर वाचला. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "धरणाऱ्याची चूक. धरणारा म्हणजे हेच ना?"

"टेप त्यांनी धरला होता."

"बघ. स्वतःच लिहिलंय. त्यांना कळत होतं, डोकं साथ देत नाहीये." खालची ओळ तिने नीट वाचली नसावी, चष्मा आत राहिला होता. वही मिटून तिने परत दिली. "तरीपण मला बोलले नाहीत."

*

मंगळवारचा टेम्पो आईने नको म्हणून सांगितला, पण तात्पुरता. चौथी टाच झाल्याशिवाय काही खरं नव्हतं. लेकीने दोन दिवस रजा काढली आणि मिस्त्री पटाशी घेऊन आले.

"मी करून देतो, अर्ध्या तासात."

"मी करते. तुम्ही बघा."

"बोटं कापशील."

"पट्ट्याच्या करवतीनेच कापायची असं काही आहे का?"

मिस्त्री महिन्याभरात पहिल्यांदा हसले. "अगदी साहेब! बरं, धर. रेघेवर नाही, रेघेच्या आत. आधी मधलं काढायचं, कडा शेवटी. घाई केलीस की लाकूड सूड घेतं."

शिसव दगडासारखं होतं. पटाशीवर हातोडी, एक पापुद्रा. पुन्हा एक. सकाळ त्यात गेली. दुपारी खाच झाली, पण बाबांसारखी नाही. एका कोपऱ्यात पटाशी केसभर जास्त उतरली होती. हमालांनी करवत उचलून धरली, चारही पाय टाचांत बसवले आणि टेबल डुगडुगलं. किंचित. मिस्त्रींनी तिच्याकडे हात पसरला.

"जाड कागद आहे?"

तिच्या पर्समध्ये बसचं तिकीट होतं. त्याची चार पदरी घडी तिच्या खाचेत गेली. पाणसळीचा बुडबुडा मध्यभागी येऊन थांबला.

"तीन साहेबांच्या आणि एक तुझी," मिस्त्री म्हणाले. "चालेल. चौथ्या पायाला एवढं माफ असतं."

आई अंगणात तयार होती. हातमोजे, खोचलेला पदर, आणि नाकावर चष्मा, "फळी नीट दिसायला हवी." मिस्त्रींनी चक्र वर घेतलं, पट्टी आवळली, पिन लावली. "डाव्या हाताने पट्टीकडे दाब. उजव्या हाताने पुढे. शेवटी ही काठी, हात नाही. आणि चक्राच्या सरळ मागे उभी राहू नकोस, जरा बाजूला."

तिने बटण दाबलं. बाबांनी अकरा महिने तोंडाने काढला होता तो आवाज अगदीच चुकीचा होता. खरा आवाज वरच्या पट्टीतला, गाणाऱ्यासारखा होता. फळी चक्राला लागली तसा तो जाड झाला. भुसा उडाला, बाबांच्या हातांना यायचा तोच वास. ती ढकलत गेली, एक फूट, दोन फूट. फळीचं टोक कठड्याजवळ आलं. टोक कठड्यावरून, बोटभर वरून, उन्हात निघून गेलं.

"आली!" बाहेरून आई ओरडली. "अगं, आली! धरलीय मी!"

तिने काठीने शेवटचा तुकडा पुढे सारला. चक्रापलीकडे फळीचे दोन भाग झाले होते, मधे एक सरळ रेघ, जिच्यातून उजेड दिसत होता. तिने यंत्र बंद केलं. चक्र बराच वेळ फिरत राहिलं, मग थांबलं. मिस्त्री काहीतरी विसरल्यासारखे बाहेर गेले.

फळीचं एक टोक आईच्या हातात होतं, एक तिच्या. मधे खिडकी. आई त्या कापाकडे बघत होती, चष्म्यातून, डावीकडून उजवीकडे.

"सरळ आलंय," आई म्हणाली. "त्यांना बघायला हवं होतं. त्या आठवड्यात मी जरा लक्ष दिलं असतं तर..."

"आई."

"हं?"

"सोडू नकोस, धरून ठेव. त्यांचं डोकं ठीक होतं. त्यांनी दहावर बरोबर बोट ठेवलं होतं, वजाबाकीही बरोबर केली होती. वाचणारी मी होते. मी चुकीचं सांगितलं." पलीकडून आईने फळी घट्ट धरली हे तिला कळलं. "बाबा म्हणाले होते, पुन्हा एकदा बघ. मी म्हणाले, बघितलं. आई, मी बघितलं नव्हतं."